पाया भरण्याआधी

(हिवरे बाजार येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते गणित शिकवायचे. उत्तर चुकले तर अर्धे गुण, पण रीत लिहिली नाही तर भोपळा, हा त्यांचा नियम त्यांच्या विद्यार्थ्यांकडून मी ऐकला आहे. मला तो फार पटतो. मी ज्या धंद्यात आयुष्य घालवले तिथे उत्तर बरोबर असलेल्या मोठमोठ्या रकमांना भोपळा मिळताना मी पाहिला आहे, केवळ रीत लिहून ठेवलेली नव्हती म्हणून.

मी आधी सरकारी बांधकामांवर अभियंता होतो. मग उशिराने कायद्याची पदवी घेतली. गेली अनेक वर्षे बांधकामातल्या वादांत कधी वकील म्हणून उभा राहतो, कधी लवाद म्हणून बसतो. संयोजकांनी विषय दिला, ‘बांधकामातले तंटे आणि त्यांचा निवाडा’. हे गाव एकेकाळी पैलवानांचे म्हणून ओळखले जायचे. पैलवानांच्या गावात येऊन कुस्तीवर भाषण द्यावे तसे माझे आज झाले आहे, कारण तंटे कसे टाळावेत हे या गावाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. पण बोलायला उभा राहिलो आहे तर माझ्या घरातल्या एका दोरीपासून सुरुवात करतो.

१९७२ चा दुष्काळ. मी चौदा वर्षांचा होतो. इथून जवळच, पारनेर तालुक्यातल्या एका पाझर तलावाच्या कामावर आमचे सगळे घर होते. माझी आजी एका टोळीची म्होरकी. मजुरी मापावर मिळायची, म्हणजे जेवढी माती खोदली तेवढे पैसे. माती काढून जो खड्डा होतो ती खंती. खंतीच्या मधोमध मूळ जमिनीच्या उंचीचा एक मातीचा खुंट न खोदता सोडायचा असतो. जमीन आधी इथपर्यंत होती, याची ती साक्ष. आजीला अक्षरओळख नव्हती. ती रोज संध्याकाळी अंबाडीची दोरी खंतीत सोडायची आणि त्या दिवशी जेवढी खोली झाली तिथे गाठ मारायची.

१९७३ च्या जूनमध्ये पहिला पाऊस पडला, आणि नेमके माप व्हायचे राहिले होते. खंत्या चिखलाने भरल्या. मापाला आलेल्या माणसाने चिखलाच्या वरून टेप धरला. बायका ओरडल्या, त्याने कानावर घेतले नाही. आजीने दोरी पुढे केली. तो म्हणाला, ‘ही तुझी दोरी, मी का मानू?’ त्याचे म्हणणे अगदीच चूक नव्हते, हे मला पुढे कायदा शिकल्यावर कळले. एका बाजूने एकट्याने केलेल्या नोंदीला किंमत किती, हा प्रश्न आजही प्रत्येक लवादासमोर पहिल्या दिवशी येतो.

शेवटी ओव्हरसियर आला. गाठी पाहून त्याला काहीतरी वाटले असावे. त्याने खुंटाच्या कडेने चिखल उपसायला सांगितला, कडक तळ लागेपर्यंत. खोली शेवटच्या गाठीशी जुळली. दोरी होती म्हणून तो चिखल उपसायला तयार झाला, आणि खुंट होता म्हणून दोरी खरी ठरली. आजीच्या टोळीला पूर्ण मजुरी मिळाली. शेजारच्या दोन टोळ्यांनी तेवढ्या मातीचेही पैसे होतील म्हणून आपले खुंट आदल्या आठवड्यातच खोदून टाकले होते. त्यांची अर्धी मजुरी चिखलात गेली.

आता दुष्काळी कामावरून मोठ्या कामाकडे या. आपल्याकडे पुलाचा पाया खोदायला घेतला की काय लागते, हे विहीर खोदलेल्या कुणालाही सांगता येईल. वर माती, मग मुरूम, मग कठीण मुरूम, कुठे मांजऱ्या, मग काळा कठीण खडक. हा क्रम दोन विहिरींत सारखा निघेल याची खात्री नाही, मग एका पुलाच्या चार खांबांखाली कुठून निघणार? सरकारी दरसूचीत या प्रत्येक थराचा दर वेगळा. मुरूम खोदायचा दर आणि सुरुंग लावून फोडायच्या खडकाचा दर यांत पुष्कळ अंतर. अंदाजपत्रक करणाऱ्याने दोन-चार ठिकाणी भोके पाडून अंदाज बांधलेला असतो. प्रत्यक्षात खडक लवकर लागला तर कंत्राटदार जादा मागतो, आणि खात्याला वाटते की हा मुरमालाच खडक म्हणतो आहे.

हे भांडण त्या दिवशी, त्या खड्ड्याच्या काठावर पंधरा मिनिटांत मिटते. दोघांनी खाली उतरायचे, पहारीने ठोकून बघायचे, थर कुठून कुठपर्यंत ते लिहायचे, दोघांनी सही करायची. त्या दिवशी जमले नाही तर दुसऱ्या दिवशी खड्ड्यात काँक्रीट पडते. पाया भरला की पुरावा पुरला. मग पुढची दहा वर्षे वकील त्या पुरलेल्या खडकावर बोलत राहतात, ज्यांनी तो कधी पाहिलेलाच नाही. एका पुलाच्या वादात, तो कुठला ते सांगत नाही, काम संपल्यावर चार वर्षांनी आम्ही खांबाशेजारी नव्याने भोक पाडून खडकाचा नमुना काढायला लावला होता. नमुना आला तेव्हा दोन्ही बाजूंचे तज्ज्ञ म्हणाले की तो आपल्याच बाजूचा आहे.

सरकारी कामावर यासाठी मोजमाप पुस्तिका असते, सगळे जिला एमबी म्हणतात. पाने आकडे घालून बांधलेली, खाडाखोड केली तर तिथे सही, पान फाडायचे नाही. इंग्रजांनी घालून दिलेल्या फार थोड्या सवयींबद्दल मला आदर आहे, त्यांत ही एक. पण तिच्यातला दोष असा की ती एकाच बाजूच्या कपाटात राहते, आणि काही ठिकाणी काम झाल्यावर महिन्याने, कार्यालयात, पंख्याखाली बसून भरली जाते. मीही भरली आहे. तेव्हा घाईत होतो, आणि तेव्हा मी वकील नव्हतो.

हा जमिनीखालचा प्रश्न आपल्यापुरता नाही. अमेरिकेत कोलोरॅडोच्या डोंगरात आयझेनहॉवर बोगदा खोदला. पहिल्या नळीच्या वेळी खडकाने दगा दिला, खर्च वाढला, भांडणे झाली. १९७५ च्या सुमारास दुसऱ्या नळीचे काम निघाले तेव्हा त्यांनी एक वेगळी गोष्ट केली. काम सुरू होतानाच तीन जाणत्या माणसांचे मंडळ नेमले, एक एका बाजूचा, एक दुसऱ्या बाजूचा आणि तिसरा दोघांना मान्य. भांडण असो वा नसो, हे मंडळ ठरल्या वेळी कामावर येऊन डोळ्यांनी काम पाहायचे. पुढे हीच पद्धत फिडिक या अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या करारांत आली. जपानची जायका संस्था कर्ज देते तेव्हा अशा मंडळाचा आग्रह धरते, आणि मुंबईच्या भुयारी मेट्रोसाठी जायकाचेच कर्ज आहे.

बोगद्यावरून आठवले. महाराष्ट्रातला कंत्राटदार म्हणजे टक्केवारी आणि वाळू, असे आजच्या पोरांना वाटते. पण सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी रेल्वेची कंत्राटे घेऊन सुरुवात केली, लक्ष्मणराव फाटक यांच्या भागीदारीत. फाटक आधी रेल्वेत कारकून होते. बार्शी लाइट रेल्वेच्या कामापासून ही जोडी पुढे भोरघाटाच्या बोगद्यांपर्यंत गेली. त्याच वालचंदांनी १९२६ मध्ये हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी काढली. जवळजवळ शंभर वर्षांनी, २०१९ मध्ये, याच कंपनीच्या नावाने सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल गाजला. लवादाचा निवाडा कंत्राटदाराच्या बाजूने लागला, सरकारी संस्थेने त्याला नुसते आव्हान दिले, की पैसे आपोआप अडकत. निवाडा हातात आणि तिजोरी रिकामी. हा आपोआप मिळणाऱ्या स्थगितीचा प्रकार न्यायालयाने बंद केला. त्याआधी ३१ ऑगस्ट २०१६ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाच्या समितीनेच ठरवले होते की आव्हान दिले तरी निवाड्याच्या ७५ टक्के रक्कम बँक हमी घेऊन देऊन टाकावी. यातून एवढे कळते की सरकारलाही आपलेच वागणे परवडेनासे झाले होते.

लवाद हा शब्द गावात थोडा भारदस्त वाटतो. मुळात तो आपल्या पंचासारखाच, दोघांनी निवडलेला तिसरा माणूस. फरक एवढाच की १९९६ च्या कायद्याने त्याच्या निवाड्याला न्यायालयाच्या हुकूमनाम्याचे बळ दिले. पण आपल्या राज्यात एक गंमत आहे. सार्वजनिक बांधकाम आणि पाटबंधारे खात्याच्या बी-१ नमुन्यातल्या करारात ३० वे कलम असे की वाद झाला तर अधीक्षक अभियंत्याचा निर्णय अंतिम. अनेक वर्षे कंत्राटदारांना वाटत होते की हेच लवादाचे कलम. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्र शासनाच्याच एका प्रकरणात स्पष्ट केले की हे लवादाचे कलम नव्हे. अधीक्षक अभियंता हा खात्याचा अधिकारी, त्याने दोन्ही बाजूंचे पुरावे घेऊन न्यायनिवाडा करावा असे त्या कलमात कुठे आहे? तेव्हा ज्यांनी निविदा भरताना ते पान उलटून पाहिले नव्हते, त्यांना दिवाणी न्यायालयाचा रस्ता धरावा लागला. अजूनही धरावा लागतो. ग्रामपंचायतीची, मजूर सहकारी संस्थांची, नव्याने पास झालेल्या बेरोजगार अभियंत्यांची कामे अशाच छापील नमुन्यांवर होतात. ‘वाद झाल्यास’ या शब्दांनी सुरू होणारे कलम सही करण्याआधी एकदा मोठ्याने वाचा, एवढे तरी या तरुणांनी करावे.

केंद्र सरकारनेही ३ जून २०२४ ला सूचना काढली की खरेदीच्या करारांत लवादाचे कलम सरसकट घालू नये, ते साधारणपणे दहा कोटींच्या आतल्या वादांपुरते ठेवावे, मोठ्या वादांत मध्यस्थीकडे वळावे. मला ही सूचना अर्धीच पटते. लवाद महाग झाला, लांबला, हे खरे आहे, आणि त्यात आम्हा लवादांच्या फीचाही वाटा आहे हे कबूल करायला हवे. पण मध्यस्थीत तडजोड करायची तर सरकारी बाजूने कुणीतरी सही करावी लागते. ती सही करणाऱ्याला उद्या चौकशी लागेल ही भीती आहे तोपर्यंत तो हात आखडूनच घेणार. न्यायालयाने द्यायला लावले तर बिनघोर, आपण समजुतीने दिले तर संशय! अधिकाऱ्याच्या मनातले हे गणित कुठल्याही परिपत्रकाने बदललेले मी पाहिले नाही.

निवाडा झाला की प्रश्न सुटला, असेही नाही. दिल्ली मेट्रोच्या विमानतळ मार्गाचे प्रकरण बघा. २००८ चा करार, २०१२ मध्ये मार्ग चालवणाऱ्या कंपनीने करार संपवल्याची नोटीस, मे २०१७ मध्ये लवादाचा निवाडा. मग उच्च न्यायालयाचे एकल पीठ, मग दोन न्यायाधीशांचे पीठ, मग सर्वोच्च न्यायालय, फेरविचार आणि शेवटी १० एप्रिल २०२४ रोजी सुधार याचिकेत निवाडाच रद्द. निकाल बरोबर की चूक हा वकिलांचा वाद आहे, त्यात मी आज पडत नाही. भांडणाची सुरुवात मात्र पुलांमधल्या दोषांपासून झाली होती. काय दुरुस्त करायचे, ते कुणी पाहायचे आणि दुरुस्त झाले हे कुणी म्हणायचे, एवढ्याच तीन प्रश्नांची उत्तरे आधीच ठरलेली असती तर बारा वर्षांपैकी किती वाचली असती?

आपल्या जिल्ह्याला लांबलेल्या कामाची किंमत सांगायला दिल्लीला जायची गरज नाही. निळवंडे धरणाची कल्पना १९७० मधली. डाव्या कालव्याचे उद्घाटन झाले २६ ऑक्टोबर २०२३ ला. प्रकल्पाचा खर्च ५,१७७ कोटींच्या घरात गेला. या त्रेपन्न वर्षांत किती जणांनी कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या याचा हिशेब कुणी एका जागी मांडलेला मी पाहिलेला नाही. अकोल्यातल्या ज्यांची जमीन गेली आणि राहुरीतले जे पाण्याची वाट पाहत होते, त्या दोघांच्या दृष्टीने हा प्रकल्प म्हणजे दोन वेगवेगळी प्रकरणे होती.

इथे पत्र लिहिण्याबद्दल थोडे बोललेच पाहिजे, कारण माझ्याकडे येणाऱ्या दहा प्रकरणांत जो कंत्राटदार हरतो तो बहुधा इथे हरतो. १८७२ चा भारतीय करार कायदा म्हणतो, आणि हे ५५ वे कलम आहे, की समोरच्यामुळे कामाला उशीर झाला आणि तुम्ही तो उशीर मुकाट्याने मान्य केला, तर पुढे त्याची भरपाई मागता येत नाही. मागायची असेल तर मान्य करतानाच तशी सूचना द्यावी लागते. म्हणजे जागा ताब्यात मिळाली नाही, नकाशे आले नाहीत, तर त्याच आठवड्यात लिहा. आपल्याकडे कोणी लिहीत नाही. का? साहेबांना राग येईल. पुढचे बिल अडेल. पत्र म्हणजे भांडणाला तोंड फोडणे, अशी आपली समजूत आहे. मग तीन वर्षांनी काम संपल्यावर सगळा राग एकदम बाहेर येतो, शंभर पानांचा, वकिलाच्या भाषेत. वेळेवर लिहिलेले चार ओळींचे पत्र मुळात किती सौम्य असते! ‘दि. अमुक रोजी जागा मिळाली नाही, कृपया मुदत वाढवून मिळावी.’ यात कोणाची अब्रू जाते?

अंतिम बिलाच्या वेळी एक कागद पुढे येतो. ‘मला सर्व रक्कम मिळाली, माझी यापुढे काही मागणी नाही.’ सही केल्याशिवाय पैसे निघत नाहीत. मजुरांचे पैसे द्यायचे असतात, दिवाळी तोंडावर असते, माणूस सही करतो. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की अशी सही दबावाखाली घेतली असेल तर ती अडसर ठरत नाही, पण दबाव सिद्ध करावा लागतो. आणि दबाव सिद्ध करायला परत तेच, त्या वेळचे पत्र लागते. २०२५ मध्ये राज्यातल्या कंत्राटदारांनी थकलेल्या बिलांसाठी मोर्चे काढले, कामे बंद ठेवली. त्यांच्यावर कोणी दया करावी असे मला म्हणायचे नाही. पण छोट्या कंत्राटदाराच्या थकीत बिलाखाली गवंडी, सेंट्रिंगवाला आणि खडी फोडणाऱ्या बायका अशी एक उतरंड उभी असते, आणि उतरंडीतले सगळ्यात खालचे मडके आधी फुटते.

आता तुमच्या गावाकडे वळतो. १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले, १९९४ मध्ये गाव आदर्श गाव योजनेत आले, यशवंत कृषी, ग्राम व पाणलोट विकास संस्थेमार्फत चर, बांध, बंधारे झाले, हे पुस्तकांत छापून झाले आहे. नशाबंदी, नसबंदी, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी आणि श्रमदान ही पंचसूत्री शाळेतली मुलेही म्हणून दाखवतात. बाहेरचे लोक येतात, झाडे आणि विहिरी पाहून जातात. माझे लक्ष दुसरीकडे जाते. डोंगरभर चर खोदायचे, शेतांतून बांध घालायचे, ओढ्यावर बंधारे बांधायचे, म्हणजे हे गाव एक मोठे बांधकामच आहे. प्रत्येक बांध कुणाच्या तरी रानातून जातो आणि त्याचे पाणी कुणाच्या तरी दुसऱ्याच विहिरीला उतरते. आपल्या भागात वीतभर बांध कोरल्यावरून भावाभावांची डोकी फुटली आहेत. इतक्या बांधांतून इतके थोडे दावे कसे निघाले?

माझा अंदाज असा, की माप आधी आणि वाटप नंतर, हे इथे सगळ्यांदेखत होते. पाण्याचा ताळेबंद घ्या. किती पाऊस पडला ते पर्जन्यमापकावर मोजायचे, विहिरींची पातळी पाहायची, ग्रामसभेत आकडा मांडायचा आणि मग यंदा कोणते पीक घ्यायचे, कोणते नाही, ते ठरवायचे. पाऊस कमी तर उन्हाळी पिकाचा विचार सोडायचा, ऊस-केळीला आणि शेतीसाठी बोअरला परवानगी नाही. हा ताळेबंद लोक पाण्याची योजना म्हणून शिकतात. मी त्याच्याकडे संयुक्त मोजमाप म्हणून पाहतो. दोन विहिरींचे मालक पाण्यावरून भांडायला उठण्याच्या आत भांडणाचा आकडाच दोघांनी, आणि गावाने, एकत्र पाहिलेला असतो. खंतीतला खुंट इथे ग्रामसभेत उभा केलेला आहे. शिवाय श्रमदानात बांध घालणारा आणि बांधाचे पाणी पिणारा एकच असल्यामुळे कच्चे काम करून बिल काढण्यात कुणाचा फायदा राहत नाही. बाहेरचा कंत्राटदार आला की हे जमतेच असे नाही, आणि इथली पद्धत जशीच्या तशी उचलून समृद्धी महामार्गावर लावा असे मी सुचवत नाही.

सगळे तंटे गावातच मिटवा, असेही मी म्हणणार नाही. आबांनी, म्हणजे आर. आर. पाटील यांनी, १५ ऑगस्ट २००७ ला महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली. तिने खूप खटले कमी केले. पण बक्षीस मिटवलेल्या तंट्यांवर ठरते, तेव्हा मिटवण्याची घाई होते, आणि ती घाई कमजोर माणसाच्या अंगावर पडते. ज्याची गावकीत जागा नाही, ज्या बाईच्या नावावर सातबारा नाही, ज्या मजुराला उद्या त्याच मालकाकडे जायचे आहे, त्याने ‘मिटवून टाक’ला नाही कसे म्हणायचे? पाणंद रस्त्याचे बघा. मामलतदार न्यायालय अधिनियम १९०६ चे पाचवे कलम अडवलेला रस्ता मोकळा करायला तहसीलदाराकडे दाद मागू देते, जमीन महसूल संहितेचे १४३ वे कलम बांधावरून वाट मागायची सोय देते. हा कायद्याचा दरवाजा उघडा असतो म्हणून गावातली समजूत खरी समजूत राहते. दरवाजाच बंद असेल तर तिला सक्ती म्हणावे लागेल. या गावात तीस वर्षांनी, जानेवारी २०२१ मध्ये, ग्रामपंचायतीला मतदान झाले, तेव्हा एकोपा मोडला म्हणून काही लोक हळहळले. पोपटरावांच्या पॅनलने सगळ्या जागा जिंकल्या. मला त्यांच्या विजयाइतकाच विरोधात कुणीतरी अर्ज भरला याचाही आनंद झाला.

पुण्यात फ्लॅट घेतलेल्या तुमच्या मुलांसाठी दोन वाक्ये. महारेराने २०१८ पासून ग्राहक आणि बिल्डर यांना एका टेबलावर बसवणारा सलोखा मंच चालवला आहे, मुंबई ग्राहक पंचायतीचे लोक त्यात आहेत. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला दोष निघाला तर बिल्डरने तो पदरच्या खर्चाने दुरुस्त करून द्यायचा असतो. भिंतीला भेग दिसली की रंग मारण्याआधी फोटो काढून लेखी कळवा. फोटोही आता नीट जपावे लागतात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात मोबाइलमधला पुरावा द्यायचा तर ६३ व्या कलमाप्रमाणे प्रमाणपत्र जोडावे लागते, म्हणून मूळ फोन विकू नका आणि फोटो व्हॉट्सॲपवरून फिरवून फिरवून त्याचा जीव घालवू नका.

आणि व्यापारी न्यायालयाचे राहिले. तीन लाखांवरचा बांधकामाचा वाद आता तिथे जातो, आणि तातडीचा मनाई हुकूम नको असेल तर दावा लावण्याआधी मध्यस्थीला जाणे बंधनकारक आहे, २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तसे ठामपणे सांगितले. बरेच वकील अजून ही पायरी उरकायची म्हणून उरकतात. अशिलाने उरकू देऊ नये. मध्यस्थाच्या खोलीत दोन्ही बाजू तीन वर्षांनी पहिल्यांदा समोरासमोर बसतात आणि कितीदा तरी असे होते की आकडा दोघांचा जवळपास सारखाच असतो. राग मात्र भलत्याच गोष्टीवर असतो. एका वादात कंत्राटदाराचे खरे दुखणे हे निघाले की भूमिपूजनाच्या पत्रिकेत त्याचे नाव नव्हते.

ग्रामपंचायतीचे पुढचे काम निघेल, शाळेची खोली असो वा गटार, तेव्हा माझी एक विनंती आहे. पाया खोदून झाला की काँक्रीट टाकायच्या आदल्या संध्याकाळी खड्डा झाकू नका. ग्रामसेवक, अभियंता, कंत्राटदार, आणि ज्यांना वेळ आहे अशी चार माणसे, चार बायाही, तिथे उभी राहू द्या. टेप धरा. थर बघा. दोन वह्यांत एकच मजकूर लिहा, एक वही पंचायतीत, एक कंत्राटदाराकडे. एखादा आकडा पटला नाही तर दोन्ही आकडे लिहा आणि ‘मतभेद’ असा शेरा मारा. असे शेरे असलेली वही माझ्यासमोर आली की मी निश्चिंत होतो. ज्या वहीत कुठेच मतभेद नसतो ती मला नेहमी संशयास्पद वाटते.

१९८० मध्ये मला कनिष्ठ अभियंत्याची नोकरी लागली. पहिल्या पगारातून मी तीस मीटरचा पोलादी टेप घेतला, तोवर तसा टेप मी साहेबांच्याच हातात पाहिला होता. गावी आलो, ओसरीवर बसलेल्या आजीला दाखवला. तिने तो बोटाने चाचपून पाहिला, आत गेली आणि ती अंबाडीची दोरी घेऊन आली. मला म्हणाली, ‘धर एक टोक.’ ओसरीच्या फरशीवर आम्ही टेप पसरला, शेजारी दोरी. पहिल्या चार गाठी बरोबर होत्या. पाचवी दोन बोटे पुढे गेली होती. मी काही बोललो नाही. आजी खाली वाकून बराच वेळ बघत राहिली.

‘ताणली आसंल,’ ती म्हणाली, आणि माझ्याकडे न बघता तिने ती गाठ सोडवली, टेपाशी लावून दोरी धरली आणि नवी गाठ मारली.